ब्रुनहिल्डच्या शिरस्त्राणाला शिंगे नव्हती

नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणकथांतील वीरांगना ब्रुनहिल्ड म्हटली की व्यंगचित्रांपासून जाहिरातींपर्यंत सर्वत्र शिंगांचे शिरस्त्राण घातलेली धिप्पाड स्त्री दाखवली जाते. मूळ कथेला याचा काहीच आधार नाही. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या वोल्सुंग गाथेत कथानायक सिगुर्डला चिलखतात झोपलेला एक योद्धा दिसतो. सिगुर्ड त्या योद्ध्याचे शिरस्त्राण काढतो तेव्हा ती स्त्री, म्हणजे ब्रुनहिल्ड, असल्याचे त्याला कळते, आणि जणू अंगालाच चिकटून वाढलेले तिचे चिलखत त्याला तलवारीने चिरावे लागते. या प्रसंगात शिंगांचा उल्लेखही नाही.

ही प्रतिमा रुजली ती रंगभूमीवरून. 1876 मध्ये बायरॉइट येथे जर्मन संगीतकार वाग्नरच्या, याच कथांवर आधारित चार भागांच्या संगीतनाट्याचा पहिला संपूर्ण प्रयोग झाला, तेव्हा वेशभूषाकार कार्ल एमिल डोपलर यांनी काही पुरुष पात्रांना शिंगे दिली. गंमत म्हणजे ब्रुनहिल्डच्या वाट्याला तेव्हाही पंखच आले होते. पुढे लोकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झाली.

उत्खननातही व्हायकिंगांच्या, म्हणजे सुमारे आठव्या ते अकराव्या शतकातील नॉर्स दर्यावर्दी योद्ध्यांच्या, काळातील शिंगांचे एकही शिरस्त्राण मिळालेले नाही. नॉर्वेत येर्मुंडबू येथे 1943 मध्ये सापडलेले दहाव्या शतकातील लोखंडी शिरस्त्राण गोलसर असून त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखे कवच आहे. डेन्मार्कमधील वेक्सो येथील शिरस्त्राणांना शिंगे आहेत खरी, परंतु ती कांस्ययुगातील, म्हणजे व्हायकिंगांच्या सुमारे 1,700 वर्षे आधीची आहेत.