बर्फातली धार निवडताना आधी उतरण बघा
हिवाळी मोहिमेसाठी आमच्याकडे येणाऱ्यांना माहितीपत्रक

“या हिवाळ्यात एखादी चांगली धार सुचवा” असं म्हणत लोक आमच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या फोनमध्ये एक फोटो असतोच. निळं आकाश, सुरीच्या पात्यासारखी डोंगराची पांढरी धार आणि तिच्यावरून एकामागोमाग चाललेली चार माणसं. ती चार माणसं खाली कुठून उतरली, हे त्या फोटोत दिसत नाही. आम्ही मात्र सगळ्यात आधी तेच विचारतो.

उन्हाळ्यात स्क्रॅम्बलिंग, म्हणजे हात-पाय दोन्ही वापरून कातळावर चढणं, जमतं, तेव्हा बर्फातही जमेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. कोरड्या कातळावर खाचेत बोटं बसतात आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते दिसतं. हिवाळ्यात तीच खाच बर्फाने बुजलेली असते, कातळावर काचेसारखा पातळ थर असतो आणि हातात जाड मोजे. वेल्समधली क्रिब गॉख ही ९२३ मीटर उंचीची धार घ्या. अवघडपणाच्या उन्हाळी मोजपट्टीवर तिची श्रेणी १, म्हणजे सगळ्यात सोपी, आणि बर्फ धरल्यावर हिवाळी मोजपट्टीवरही श्रेणी १. आकडा तोच दिसला म्हणून फसू नका. हिवाळी श्रेणी १ म्हणजे क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दात), आइस अॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड) आणि दोन्ही वापरायचा सराव हवाच. दृष्टिभय, म्हणजे खालची खोली बघून वाटणारी भीती, तर दोन्ही ऋतूंत आहेच. फक्त बर्फात पाय घसरला की थांबायला मध्ये काही नसतं.

धोका धारेवर कमी, धारेच्या दोन्ही टोकांना जास्त

वारा धारेवरचा बर्फ उडवून नेतो. त्यामुळे ऐन माथ्यावर हिमस्खलनाचा धोका आजूबाजूच्या उतारांपेक्षा कमी असतो आणि हिवाळ्यात धारा आवडण्याचं ते एक खरं कारण आहे. पण उडालेला बर्फ वाऱ्याच्या आडोशाला, पलीकडच्या उतारावर जाऊन साठतो. त्याची घट्ट लादी बनते, खालच्या थराला ती नीट धरलेली नसते, आणि एका माणसाच्या वजनाने ती सुटू शकते. धारेवर चढायची घळ आणि धारेवरून उतरायची सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली बाजूची रांग) बहुतेक वेळा अशाच उतारांना लागून असतात. म्हणून आम्ही नकाशा उतरणीकडून वाचायला लागतो.

हे घरी बसून करता येतं. १:५०,००० चा, २० मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा नकाशा घ्या आणि साधी पट्टी लावा. रेषांमधली सलग पाच अंतरं मिळून साडेतीन मिलिमीटरमध्ये बसली, तर उतार साधारण ३० अंशांचा आहे. तीच पाच अंतरं दोन मिलिमीटरमध्ये बसली, तर ४५ अंशांचा. लादी सुटून होणारी बहुतेक हिमस्खलनं या दोन आकड्यांमधल्या उतारांवर होतात. तुमची उतरण या पट्ट्यात येत असेल, तर गेल्या दोन-तीन दिवसांत वारा कुठल्या दिशेचा होता ते शोधा. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडच्या उतारावर संशय धरा. ही पट्टी लावायची सवय ज्यांना लागते, त्यांच्याशी पुढचं बोलणं फार सोपं होतं, हा आमचा अनुभव आहे.

मधूनच खाली उतरता येईल का, तेही आधीच बघून ठेवा. स्कॉटलंडमधली ग्लेन्को दरीवरची ओनाख ईगाख ही धार या बाबतीत कडक आहे. एकदा अरुंद भागात शिरलात, की दरीच्या बाजूला मधून सुरक्षित उतरण नाही. एक तर पूर्ण करा, नाहीतर आल्या वाटेने परत फिरा. पहिल्या हिवाळ्यात आम्ही कुणालाही अशी धार सुचवत नाही.

स्कॉटलंडमधल्याच बेन नेव्हिस शिखराचा (१,३४५ मीटर) माथा तर सपाट आहे. पण धुकं आणि बर्फ एक झाले की पुढचं पाऊलसुद्धा दिसत नाही. उत्तरेला कडे आहेत, तर दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर गली ही घळ, आणि दोन्हींच्या मधून वाट काढायची असते. त्यासाठी माथ्यावरच्या खांबापासून नकाशाच्या २३१ अंशांवर १५० मीटर आणि मग २८२ अंशांवर, असं पावलं मोजत उतरतात. होकायंत्रावर कोन लावताना चुंबकीय फरक (नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला) धरावा लागतो, तो विसरू नका. तुम्ही कुठल्याही शिखरावर जात असाल, उतरणीचे असे कोन घरीच काढून कागदावर लिहा. थंडीत फोनची बॅटरी फार लवकर उतरते.

कॉर्निस

वाऱ्याने धारेच्या आडोशाच्या बाजूला बर्फाची जी छज्जासारखी कड बाहेर आलेली असते, ती कॉर्निस. वरून ती जमिनीसारखीच दिसते. ती तुटते तेव्हा फक्त बाहेर आलेला भाग जात नाही, चीर बरीच आत पडते. पुढच्याच्या पावलांचे ठसे कडेजवळून गेले असतील, तरी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. वाऱ्याच्या बाजूने, माथ्याच्या चांगलं खालून चाला.

वेळ आणि थंडी

स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा वेळेचा हिशोब अजून कामाला येतो. ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. भुसभुशीत बर्फात आम्ही तो सरळ दुप्पट धरतो. डिसेंबरच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये दिवसाचा उजेड सात तासही मिळत नाही, म्हणजे डोक्यावरचा दिवा प्रत्येकाकडे हवाच. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. उणे १० अंशांत ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे २२ वाटतं. धारेवर वारा अडवायला काही नसतं. मोज्यांचा दुसरा जोड सॅकमध्ये वरच ठेवा.

सामान

बुटांवर चढवायच्या साखळीवाल्या खिळ्यांनी धार चढता येत नाही. ताठ तळव्याचे बूट आणि त्यांना बसणारे १० किंवा १२ दातांचे क्रॅम्पॉन लागतात. ओला बर्फ दातांमध्ये चिकटून गोळा होतो आणि तळवा गुळगुळीत बनतो. तेव्हा अॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेवर टकटक मारून तो पाडायचा, गरज पडली तर दर दोन-चार पावलांनी. घसरल्यावर अॅक्सने स्वतःला थांबवायचा सराव खाली सपाटी असलेल्या सुरक्षित उतारावर करायचा, पोटावर, पाठीवर आणि डोकं खाली असतानाही. पहिला दिवस आम्ही यालाच देतो. काहींना तो वाया गेल्यासारखा वाटतो, तरी आम्ही तो कमी करत नाही. वाटेत हिमस्खलनाचे उतार असतील तर ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारं यंत्र), शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाकडे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबतचेच बाहेर काढू शकतात.

परत कधी फिरायचं

हिमस्खलनाच्या इशाऱ्याची मोजपट्टी ५ पायऱ्यांची असते. ३ हा आकडा मधला म्हणून लोक तो मध्यम समजतात, पण ३ म्हणजे धोका लक्षणीय. ३ असेल तर आम्ही खड्या उतारांना लागून असलेली धार रद्द करतो आणि रुंद, सौम्य सोंडेचं शिखर घेतो. जागेवर तीन खुणा पुरेशा आहेत: जवळच नुकतंच झालेलं हिमस्खलन, पायाखालून धावत जाणारी चीर, आणि बर्फ खचल्याचा ‘धप्प’ असा आवाज. तो आवाज पोटात जाणवतो, एकदा ऐकला की विसरत नाही. यातलं काहीही झालं, की आमचा वाटाड्या त्या उतारावर पुढे जात नाही. शिखर समोर दिसत असलं तरी.

नोंदणी करताना आम्हाला कळवा

बर्फात याआधी किती दिवस चालला आहात, क्रॅम्पॉन घालून उतरला आहात का, सलग आठ तास चालल्यानंतर गुडघे काय म्हणतात, उंचीचा किंवा दृष्टिभयाचा त्रास होतो का. हे जसं आहे तसं लिहा. मनात एखादी धार असेल तर तिचं नाव द्या आणि सोबत, नकाशा बघून, तुम्ही कुठून उतराल ते दोन ओळींत लिहा. चुकलं तरी चालेल, आपण एकत्र बसून ते बघू.