टायटल नाइन
टायटल नाइन : संघराज्य सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायदा. १९७२ च्या शैक्षणिक दुरुस्ती अधिनियमाचा हा नववा भाग. ‘टायटल’ म्हणजे येथे अधिनियमाचा विभाग. ‘नववे शीर्षक’ हे भाषांतर त्यामुळे फसवे ठरते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २३ जून १९७२ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. मूळ तरतूद इंग्रजीत ३७ शब्दांची असून तीत खेळांचा उल्लेखही नाही.

उगम : कायद्याच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. सिनेटमध्ये दुरुस्ती मांडणारे बर्च बाय यांना ‘टायटल नाइनचे जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे. २००२ मध्ये या कायद्याला हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक यांचे नाव देण्यात आले, तेव्हापासून त्यांचे नाव पुढे आले. तथापि कामकाजाचा क्रम पाहता पहिला मान ओरेगनच्या प्रतिनिधी एडिथ ग्रीन यांच्याकडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक. १९७० च्या जून-जुलैत त्यांच्या उपसमितीने शिक्षणातील स्त्रियांविषयीच्या भेदभावावर सुनावण्या घेतल्या. त्यांचा वृत्तांत संकलित करण्याचे काम बर्निस सँडलर यांच्याकडे होते. मेरिलँड विद्यापीठात अर्धवेळ शिकवत असताना कायम पद न मिळाल्याने सँडलर कायद्याकडे वळल्या. १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमाचा सहावा विभाग (अर्थसाहाय्य घेणाऱ्या कार्यक्रमांतील भेदभावाविषयीचा) लिंगाबद्दल मौन बाळगतो, तर सातव्या (नोकरीतील भेदभावाविषयीच्या) विभागातून शिक्षणसंस्थांचा अध्यापकवर्ग वगळलेला होता. सरकारी कंत्राटदारांना लागू असलेल्या आदेशात मात्र लिंगाचा समावेश झाल्याचे त्यांना एका अहवालाच्या तळटीपेत आढळले. विद्यापीठेही सरकारी कंत्राटे घेतच होती. १९७० पासून त्यांनी अनेक संस्थांविरुद्ध तक्रारी दाखल केल्या. विधेयकाचा गाजावाजा करू नका, असे ग्रीन यांनी समर्थकांना बजावले होते, अशी आठवण सँडलर यांनी नोंदवली आहे.

खेळांना लागू होणे : महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राला या कायद्याची झळ उशिरा जाणवली. उत्पन्न देणारे खेळ वगळण्याची सिनेटर जॉन टॉवर यांची १९७४ मधील दुरुस्ती टिकली नाही. १९७५ मध्ये नियम लागू झाले आणि डिसेंबर १९७९ च्या स्पष्टीकरणाने आजही वापरात असलेली त्रिविध कसोटी दिली. खेळाडूंमधील स्त्री-पुरुषांचे प्रमाण पटसंख्येतील प्रमाणाशी बऱ्यापैकी जुळावे. नाहीतर, ज्या लिंगाला कमी वाव मिळतो त्याच्यासाठी संधी सातत्याने वाढवत आणल्याचा इतिहास असावा. तेही नसेल, तर त्या लिंगाच्या विद्यार्थ्यांची आवड व क्षमता पूर्णपणे सामावून घेतलेली असावी. तिन्हींपैकी एक निकष पुरतो. दोन्ही बाजूंना समान खर्च करावा, असे कायदा म्हणत नाही; शिष्यवृत्त्यांची रक्कम मात्र खेळाडूंच्या प्रमाणात वाटावी लागते.

वादाचे मूळ पहिल्या निकषात आहे. ब्राउन विद्यापीठाने १९९१ मध्ये मुलींच्या जिम्नॅस्टिक्स व व्हॉलीबॉल आणि मुलांच्या गोल्फ व वॉटरपोलो या संघांचा विद्यापीठ-निधी काढून घेतला. खटल्यात पुढे आलेल्या १९९३-९४ च्या आकड्यांनुसार पटावर मुली ५१.१४ टक्के, ८९७ खेळाडूंत मात्र ३८.१३ टक्के होत्या. मुलींना खेळांची आवडच कमी, हा विद्यापीठाचा बचाव अपील न्यायालयाने १९९६ मध्ये फेटाळला. संधी नसेल तर आवड मोजायची कशी, हा प्रश्न त्यामागे होता. प्रमाण जुळवण्यासाठी काही संस्थांनी मुलांचे कुस्तीसंघ बंद केले. या कसोटीविरुद्धचा कुस्ती प्रशिक्षकांच्या संघटनेचा दावा २००४ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. दोष कायद्याचा की शंभरेक खेळाडूंचा संघ पोसणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा (आपल्याकडील फुटबॉल नव्हे), यावर मतभेद आहेत. दुसरे मत अधिक पटणारे आहे.

न्यायनिर्णय : १९७९ मध्ये व्यक्तीला थेट दावा लावण्याचा, तर १९९२ मध्ये नुकसानभरपाई मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. अर्थसाहाय्य घेणाऱ्या विशिष्ट कार्यक्रमापुरताच कायदा लागू होतो, असे १९८४ च्या ग्रोव्ह सिटी महाविद्यालय प्रकरणात ठरल्याने क्रीडाविभाग जवळजवळ मोकळे झाले. काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मार्च १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून संपूर्ण संस्थेला बंधन घातले.

कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम प्रशिक्षकपदांवर झाला. १९७२ च्या सुमारास महाविद्यालयीन मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पगार व प्रतिष्ठा वाढताच पुरुष या पदांकडे वळले आणि स्त्रियांचे प्रमाण पुढे निम्म्याखाली गेले. लैंगिक छळाच्या तक्रारींनाही हा कायदा लागू आहे. त्याविषयीचे २०२४ चे नियम जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतील संघराज्य न्यायालयाने रद्द केले.