नेस्टेड फॉर्म

नेस्टेड फॉर्म : मुख्य नोंद आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या उपनोंदी एकाच पडद्यावर भरून, एकदाच ‘सबमिट’ दाबून डेटाबेसमध्ये साठवण्याची वेब ॲप्लिकेशनमधील पद्धत. बिल व त्यातील मालाच्या ओळी, शिधापत्रिका व तिच्यावरची माणसे ही सहज सुचणारी उदाहरणे. वापरणाऱ्याच्या लेखी बिल हा एकच कागद असतो. रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत विभागून ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये मात्र बिल एका टेबलात जाते, ओळी दुसऱ्या टेबलात, आणि प्रत्येक ओळीला आपल्या बिलाचा आयडी ‘फॉरेन की’ म्हणून जवळ बाळगावा लागतो. हा आयडी सहसा बिल साठवल्यावरच मिळतो, म्हणून आधी बिल आणि मग ओळी हा क्रम ठरलेला.

अडचण सुरू होते ती ब्राउझरपासून. एचटीएमएल फॉर्म नाव आणि मूल्य यांच्या सपाट जोड्या पाठवतो. कोणती ओळ कोणत्या बिलाच्या पोटात, हे त्याला सांगता येत नाही. फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म घालायला तर एचटीएमएलची मनाईच आहे. यावर पीएचपी ही वेब प्रोग्रॅमिंगची भाषा, रुबी भाषेतील रेल्स (रुबी ऑन रेल्स) हे फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप्लिकेशन लिहिण्याचा तयार सांगाडा, वगैरेंनी चौकटी कंसांची युक्ती रूढ केली : रकान्याला ‘बिल[ओळी][०][नग]’ अशा धाटणीचे नाव द्यायचे आणि सर्व्हरने त्यावरून मूळ रचना पुन्हा उभी करायची.

रुबी ऑन रेल्सने २.३ आवृत्तीत (मार्च २००९) ‘नेस्टेड ॲट्रिब्यूट्स’ ही सोय आणली. मुख्य मॉडेलमध्ये, म्हणजे मुख्य नोंदीचे टेबल सांभाळणाऱ्या कोडमध्ये, एका वाक्याची भर घातली की उपनोंदींचे नियम ठरतात : आयडीसह आलेली ओळ दुरुस्त होते, आयडीविना आलेली नवी धरली जाते, आणि ‘_डिस्ट्रॉय’ची खूण असलेली पुसली जाते, तीही मॉडेलने तशी परवानगी दिली असेल तरच. फॉर्ममध्ये न आलेली जुनी ओळ जशीच्या तशी राहते. हा शेवटचा नियम नवख्यांना खटकतो. जावास्क्रिप्टने पडद्यावरून ओळ काढली, तरी पान पुन्हा उघडल्यावर ती तिथेच असते. तरीही नियम शहाणपणाचाच आहे, आणि तो का हे पीएचपीच्या उदाहरणावरून कळते. पीएचपीमध्ये ५.३.९ आवृत्तीपासून (जानेवारी २०१२) एका विनंतीतून येणाऱ्या चलांच्या, म्हणजे रकान्यांच्या, संख्येवर मर्यादा आली, आणि तिचे मूळ मूल्य १००० आहे. त्यापुढचे रकाने टाकून दिले जातात. सर्व्हरच्या लॉगमध्ये इशारा उमटतो, फॉर्म भरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दहा रकान्यांच्या शंभरेक ओळी झाल्या की ही मर्यादा आलीच. ‘जे आले नाही ते पुसा’ असे धोरण असलेले ॲप्लिकेशन अशा वेळी बिलाच्या शेवटच्या ओळी गिळून टाकील.

रेल्स ४ मधील (२०१३) ‘स्ट्राँग पॅरामीटर्स’मुळे कोणते रकाने स्वीकारायचे हे कंट्रोलरमध्ये, म्हणजे आलेली विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये, स्पष्ट लिहावे लागते. त्या यादीत उपनोंदीचा आयडी लिहायचा राहिला, तर प्रत्येक जुनी ओळ नवी समजली जाते आणि बिल दुरुस्त करून साठवले की ओळी दुप्पट होतात. नेस्टेड फॉर्ममधला हा बहुधा सर्वांत जास्त वेळा घडणारा घोळ असावा.

सगळे साठावे किंवा काहीच साठू नये, ही हमी डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र बांधलेल्या बदलांचा गठ्ठा, देते. रेल्स मुख्य नोंद आणि तिच्यासोबतच्या उपनोंदी आपणहून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळते. जँगो या पायथन भाषेतील फ्रेमवर्कमध्ये नेस्टेड फॉर्मसाठी ‘इनलाइन फॉर्मसेट’ असतात. त्यांच्यासोबत एकूण किती ओळी आणि त्यांतल्या जुन्या किती, हे सांगणारे लपवलेले रकाने जातात. ते गहाळ झाले तर जँगो फॉर्म वैधच धरत नाही. पण ट्रान्झॅक्शन तिथे स्वतः मागावे लागते. जँगोच्या तयार ॲडमिन विभागात ते आयते मिळते, त्यामुळे ॲडमिनवर विसंबलेला माणूस स्वतःचे पान लिहिताना हमखास विसरतो, आणि मग तिसऱ्या ओळीवर बिघाड झाला की दोन ओळींचे अर्धवट बिल डेटाबेसमध्ये पडून राहते.

तपासणीचे, म्हणजे व्हॅलिडेशनचे, प्रकरण आणखी नाजूक आहे. एकाच बिलात तोच माल दोनदा येऊ नये असा रेल्समध्ये नियम केला आणि फॉर्ममध्ये तो दोन नव्या ओळींत भरला, तर दोन्ही तपासणीतून सुटतात, कारण तपासणीच्या क्षणी डेटाबेसमध्ये दोघींपैकी एकही नसते. उलट, जुनी ओळ पुसून तोच माल नव्याने भरला तर फॉर्म विनाकारण अडतो. जुनी ओळ तोवर पुसलेली नसते. पहिल्या प्रकाराला तीच बिल-माल जोडी दुसऱ्यांदा साठू न देणारा डेटाबेसमधला ‘युनिक इंडेक्स’ हाच भरवशाचा उपाय. दुसऱ्यासाठी पुसायला निघालेल्या ओळी वगळणारी तपासणी स्वतः लिहावी लागते.

उपनोंदींच्या आत आणखी उपनोंदी आल्या की हे सारे नियम मॉडेलमध्ये कोंबणे जड जाते. तेव्हा फक्त त्या पडद्यापुरता, हे नियम सांभाळणारा, वेगळा ‘फॉर्म ऑब्जेक्ट’ लिहिणे, किंवा संपूर्ण रचना जेसन या पोटरचना सांगू शकणाऱ्या मजकूर-स्वरूपात पाठवणे, हे मार्ग अधिक स्वच्छ ठरतात. शेकडो ओळींच्या कामात प्रत्येक ओळ भरताच स्वतंत्रपणे साठवणे बरे. मात्र त्यासाठी बिलाला ‘कच्चे’ अशी अवस्था द्यावी लागते आणि ते पक्के होईपर्यंत हिशेबात धरायचे नाही, हे बाकीच्या सगळ्या कोडला ठाऊक असावे लागते.