मशिदीचे सहन: ऊन, फरशी आणि देशोदेशीचे नमाजी

मशिदीचे सहन, म्हणजे मुख्य दालनासमोरचे मोकळे अंगण, जगभर एकसारखे नाही, आणि त्याचे पहिले कारण हवामान आहे. इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींत ते कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेले असते. दिल्लीच्या जामा मशिदीत ते लाल वालुकाश्माचे आणि इतके विस्तीर्ण आहे की तेथे एका वेळी सुमारे २५,००० लोक नमाज पढू शकतात. भरपूर पावसाच्या जावा बेटावर मात्र उघड्या अंगणाची जागा छपराखालच्या हवेशीर पडवीने घेतली आहे. फोंड्याच्या १५६० सालच्या साफा मशिदीचे उतरते कौलारू छप्पर पाहिले की गोव्याच्या पावसानेही असाच आराखडा घडवला, हे ध्यानात येते.

सौदी अरेबियातल्या मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीत, म्हणजे प्रेषितांच्या मशिदीत, या साऱ्या प्रदेशांतून आलेली माणसे एकाच फरशीवर, खांद्याला खांदा लावून उभी राहतात. कोणी हात बांधून उभा असतो, तर मालिकी या इस्लामी विधिपरंपरेतले अनेक जण हात खाली मोकळे सोडतात. सज्दा मात्र सगळेच करतात आणि त्या वेळी कपाळ व तळहात जमिनीला टेकतात. म्हणून येथे उष्णतेचा विचार हवेपासून नव्हे, फरशीपासून सुरू करावा लागतो.

उन्हाळ्यात मदिनेचे दुपारचे तापमान ४३ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. त्वचेचे तापमान साधारण ४४ अंशांच्या पुढे गेले की वेदना जाणवू लागते, आणि भर उन्हातला गडद दगड त्याहून कितीतरी अधिक तापतो. ग्रीसच्या थासोस बेटावरचा शुभ्र संगमरवर मक्का आणि मदिना येथील दोन्ही पवित्र मशिदींत वापरला आहे तो यासाठीच. सूर्यप्रकाशाचा मोठा भाग तो परावर्तित करतो, त्यामुळे मुळात कमी तापतो. त्या फरशीखाली थंड पाण्याच्या नळ्या असाव्यात, असा अनेकांचा समज असतो. पण दगडाचा गारवा समजावून सांगायला त्याचा रंग आणि घडण पुरेशी आहे.

पण पांढरी फरशी एकटी पुरत नाही. तिने परतवलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो उभ्या माणसाच्या अंगावर आणि डोळ्यांवर येतो. तळपाय सुखावतात, पण शरीरावरचा एकूण उष्णतेचा भार वाढू शकतो, आणि मोतीबिंदू झालेल्या वृद्धाला तो लखलखाट फार त्रास देतो. फरशीला सावलीची जोड हवीच. मदिनेत ती छत्र्यांनी दिली आहे. जर्मन वास्तुविशारद बोडो राश यांच्या आराखड्यानुसार १९९२ मध्ये आतल्या दोन चौकांत १२ घडीच्या छत्र्या बसवल्या गेल्या, आणि पुढे बाहेरच्या विस्तीर्ण अंगणात २५० छत्र्या आल्या. बाहेरची प्रत्येक छत्री उघडल्यावर सुमारे २५ मीटर बाजूच्या चौरसावर पसरते आणि तिचा सारा भार मधल्या एकाच खांबावर असतो, त्यामुळे नमाजाच्या रांगा, म्हणजे सफा, फारशा तुटत नाहीत.

या छत्र्यांचे खरे चातुर्य त्या मिटण्यात आहे. उन्हाळ्यात दिवसा त्या उघड्या राहतात. रात्री मिटल्या की फरशीत साठलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने मोकळ्या आकाशाकडे निघून जाते, आणि कोरड्या वाळवंटी हवेत बाष्प कमी असल्याने ती वाटेत फारशी अडत नाही. कायमचे छप्पर घातले असते तर हा रात्रीचा गारवा हातचा गेला असता. खांबांवरचे तुषार उडवणारे पंखेही याच कोरडेपणावर चालतात: पाण्याचे बारीक थेंब हवेतली उष्णता घेऊन वाफ होतात. हीच यंत्रणा मुंबईच्या दमट हवेत बसवली तर थेंबांची वाफ नीट होणार नाही, कपडे ओले होतील आणि फरशी निसरडी. दुसरीकडची रचना जशीच्या तशी उचलण्याचा मोह आवरला पाहिजे तो याच कारणाने.

उष्णतेचे गणित सगळ्यांच्या शरीराला सारखे लागू पडते. सवयींचे तसे नाही. इंडोनेशिया आणि तुर्कस्तानातल्या स्त्रिया मशिदीत जाऊन नमाज पढतात, तर भारतात अनेक ठिकाणी तसा प्रघात नाही, त्यामुळे महाराष्ट्रातून गेलेल्या कित्येक स्त्रियांना मदिनेतला स्त्रियांचा विभाग हाच पहिला अनुभव असतो. त्याची वाट ठळक खुणांनी आणि अनेक भाषांत दाखवायला हवी.

वुजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, जागेत सवयींचा हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. आपल्याकडचा नमाजी हौजाच्या काठावर बसून हातपाय धुतो, तुर्की माणूस नळासमोरच्या बैठकीवर बसतो, इंडोनेशियात बहुधा उभ्यानेच नळाखाली वुजू करतात आणि पश्चिम आफ्रिकेत हाती प्लॅस्टिकची किटली असते. फक्त उंच नळ बसवले तर बसून पाय धुण्याची सवय असलेल्या सत्तरीच्या माणसाला ओल्या फरशीवर एका पायावर तोल सांभाळावा लागतो. दगडी बैठक, हाताशी येणारा आधार-दांडा आणि खडबडीत फरशी यांना छत्र्यांच्या मानाने नगण्य खर्च येतो, आणि माझ्या मते कोणत्याही नव्या सहनाच्या आराखड्यात कमानी आणि कारंज्यांच्या आधी त्यांची जागा ठरली पाहिजे.