पोळपाट एकाकडे, लाटणं दुसऱ्याकडे

एका ओट्याशी दोघं पोळ्या करायला उभे राहिले. एकानं पोळपाट उचलला, दुसऱ्यानं लाटणं. आता पहिला लाटण्यासाठी अडलाय, दुसरा पोळपाटासाठी, आणि हातातली वस्तू खाली ठेवायला कुणीच तयार नाही. तव्यातून धूर निघाला तरी पोळी काही पडत नाही. याचं नाव डेडलॉक. आधी पोळपाट घ्यायचा, मग लाटणं, एवढं दोघांनी पाळलं असतं तर फार तर एकाला थोडं थांबावं लागलं असतं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हा प्रश्न एके काळी जवळजवळ नव्हता. १९९६ साली लिनक्स २.० मध्ये एकाहून अधिक प्रोसेसरची सोय झाली, तेव्हा सगळ्या कर्नलला मिळून एकच बिग कर्नल लॉक होतं, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसरला आत सोडणारं कुलूप. लॉक एकच, मग क्रम कसला चुकणार? पण एक प्रोसेसर आत गेला की बाकीचे दाराशी ताटकळत. म्हणून त्याची जागा हळूहळू छोट्या छोट्या लॉकनी घेतली आणि २०११ मध्ये ते पूर्णपणे काढून टाकलं. वेग आला, आणि त्याबरोबर क्रमाची डोकेदुखीही. मेमरी सांभाळणाऱ्या कोडच्या एका फाइलीत, अगदी वरच्या बाजूला, कोणतं लॉक कोणत्या लॉकच्या आत घ्यायचं याची भलीमोठी यादी टिपणात लिहून ठेवली आहे. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर अर्थातच टिपणं वाचत नाही.

हा दोष सापडायला महाकठीण. दोन प्रोसेसर नेमक्या त्याच क्षणी समोरासमोर यावे लागतात. तुमच्या टेबलावर वर्षभर काही होत नाही, आणि ग्राहकाचा सर्व्हर भर गर्दीत गोठतो.

२००६ मध्ये लिनक्स २.६.१८ बरोबर इंगो मोल्नार यांचं लॉकडेप, म्हणजे लॉकचा क्रम तपासणारं साधन, कर्नलमध्ये आलं. डेडलॉक होण्याची वाट ते बघतच नाही. एक लॉक हातात असताना दुसरं घेतलं की 'अ नंतर ब' अशी नोंद करतं. पुढे कधीतरी, भले तासाभरानं, भले त्याच प्रोसेसरवर, 'ब नंतर अ' घडलं की लगेच ओरडतं. अपघात झालेला नसतो; दोन निरुपद्रवी प्रसंग जोडून ते सांगतं की हा होऊ शकतो. साखळी अ-ब-क-अ अशी लांब असली तरी ते पकडतं. दुसरी युक्ती म्हणजे ते सुटी लॉक मोजत नाही, त्यांची जात बघतं. लाखो फाइलींची लाखो लॉक, पण नियम जातीला लागू.

एक जुनं प्रकरण बघा. डिरेक्टरीतली नावं वाचताना कर्नल त्या डिरेक्टरीचं लॉक धरतो आणि नावं प्रोग्रॅमच्या मेमरीत उतरवतो. दिसायला लॉक एकच. पण मेमरीचा तो तुकडा, म्हणजे पान, त्या वेळी जागेवर नसेल तर पेज फॉल्ट होतो, आणि तो निस्तरायला मेमरीच्या नकाशाचं (प्रोग्रॅमची कोणती मेमरी कुठे आहे त्या नोंदीचं) लॉक लागतं. कोडच्या त्या ओळीत हे दुसरं लॉक कुठेच दिसत नाही! म्हणून 'इथे फॉल्ट होऊ शकतो' अशी खूण लॉकडेपसाठी करून ठेवतात. फॉल्ट खरंच व्हावा लागत नाही. आता उलट बाजू: प्रोग्रॅमनं फाइल मेमरीत जोडून घेतली की नकाशाचं लॉक आधी धरलं जातं, आणि ह्यूजटीएलबीएफएससारखी फाइल सिस्टिम त्याच्या आत फाइलचं लॉक घेते. क्रम उलटा झाला.

लॉकडेपचा अहवाल आला: 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड', म्हणजे लॉकच्या क्रमात वर्तुळ तयार होऊ शकतं. खाली दोन प्रोसेसरचे दोन रकाने, कुणी काय आधी धरलं ते, आणि शेवटी चांदण्यांमध्ये 'डेडलॉक'. साखळी उलट्या क्रमानं छापलेली असते, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो.

गंमत म्हणजे ही ओरड खोटी होती. डिरेक्टरी अशी मेमरीत जोडताच येत नाही, म्हणून ती दोन लॉक कधीच एक असू शकत नाहीत. पण डिरेक्टरी आणि साधी फाइल यांची जात लॉकडेपच्या लेखी एकच. उपाय म्हणून डिरेक्टरीच्या लॉकला वेगळी जात दिली. अशी सूट देणं सोपं असतं, म्हणूनच धोक्याचंही: खऱ्या ओरडीलाही असंच गप्प बसवता येतं. ओरड खरी असेल तर मजकूर आधी कर्नलच्याच मेमरीत घ्यावा, लॉक सोडावं, आणि मग प्रोग्रॅमला द्यावा.

आणि एक. पहिली तक्रार छापली की लॉकडेप मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत स्वतःला बंद करून घेतं. त्यामुळे दोष काढून, नवा कर्नल चढवून आपण समाधानानं लॉग उघडतो, आणि तिथे पहिलीच्या आड दडलेली दुसरी तक्रार उभी असते.