मेटाकॉग्निटिव्ह ग्रुप ट्रेनिंग: भ्रमाला हात न लावता भ्रमावर उपचार

भ्रमांबद्दल, म्हणजे पुरावा नसतानाही पक्क्या बसलेल्या चुकीच्या समजुतींबद्दल, पेशंटशी बोलत बसू नका, ते आणखी पक्के होतात, असं मानसोपचारात कित्येक दशकं धरून चाललेलं. 1952 मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने बोलून केलेल्या उपचाराची केस छापली होती, पण त्याच सुमारास गोळ्या आल्या आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. बोलण्याच्या बाजूला खरा जोर आला तो 90 च्या दशकात, ब्रिटनमध्ये.

त्याआधीचा 1988 चा मण्यांचा प्रयोग मात्र सोडून चालणार नाही. दोन बरण्या, एकीत 85 मणी एका रंगाचे आणि 15 दुसऱ्या, दुसरीत बरोबर उलटं. एकेक मणी दाखवायचा आणि तो कुठल्या बरणीतला ते ओळखायचं, हवे तेवढे मणी मागायची मुभा. भ्रम असलेले बरेच जण एक-दोन मण्यांतच निकाल देऊन मोकळे, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. (आता पहिल्याच मण्यावरचा अंदाजसुद्धा बहुतेकदा बरोबर येतो, मग त्याला दोष कशाला म्हणायचं, हा वाद आहेच.)

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टीमने 2007 मध्ये मांडलेलं मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग, म्हणजे आपण विचार कसा करतो त्याकडेच बघायला शिकवणारं ग्रुप ट्रेनिंग, निकालाच्या या घाईसारख्या विचारदोषांवरच उभं राहिलं. आठ मॉड्यूल, तीन ते दहा जण, तासाभराचं सेशन, आणि स्लाइड्स नेटवर फुकट. अर्धवट रेषांचं चित्र दाखवतात, पुढच्या स्लाइडवर थोड्या रेषा वाढतात, आणि आपण छातीठोकपणे सांगितलेलं भलतंच निघतं. हे बरे असलेल्यांचंही होतं, तेही तिथे सांगतात. शिवाय खिशात ठेवायला एक पिवळं कार्ड: पुरावा काय, दुसरं काही कारण असू शकेल का, आणि खरं असलं तरी मी जास्तच रिअॅक्ट होतोय का.

वादाचा मुद्दा इथेच आहे. ज्याला वाटतंय की शेजारी पाळत ठेवून आहेत त्याच्या शेजाऱ्यांवर ग्रुपमध्ये फारसं बोलायचंच नाही, आधी सगळ्यांच्याच विचारांतल्या खाचा दाखवायच्या आणि स्वतःच्या भ्रमाकडे त्याचं त्याला वळू द्यायचं. टीकाकारांचं म्हणणं, चित्र ओळखताना सावध झालेला माणूस घरी गेल्यावरही सावध राहील कशावरून? प्रश्न रास्त आहे. पण समोरासमोर भ्रम खोडायला गेलं की पेशंट उठून जातो, आणि उठून गेलेल्यावर कुठलीच थेरपी चालत नाही, म्हणून मला तरी हा आडमार्ग शहाणपणाचा वाटतो. पुढे त्याच टीमने एकेकट्यासाठी आवृत्ती काढली, तिच्यात पेशंटचा स्वतःचा भ्रम घेतलाय. टीकेत दम होता म्हणायचं.

2016 मध्ये तर गंमतच झाली, जवळपास तेच अभ्यास एकत्र करून एका गटाने फायदा सिद्ध होत नाही म्हटलं आणि दुसऱ्याने होतो म्हटलं. कुठले अभ्यास घ्यायचे यावरूनच भांडण. 2022 च्या, 40 हून जास्त अभ्यासांच्या आढाव्यात भ्रमांवर मध्यम परिणाम दिसला, वर्षभर टिकणारा. पण ज्या विचारदोषांवर सगळी भिस्त, त्यांच्यावरचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला! मग भ्रम कमी कशामुळे होतात, ग्रुपमुळे, की आपण एकटे नाही हे कळल्यामुळे, यावर अजून एकमत नाही.

डिप्रेशनची आवृत्ती नंतर आली, तीही ग्रुपचीच. तिच्यात भ्रमांऐवजी तेच तेच उगाळत बसणं आणि वाईट तेवढंच लक्षात राहणं यावर काम होतं. जवळपास त्याच नावाची ब्रिटिश थेरपी 90 च्या दशकातल्या मॉडेलवरून आलेली आहे, ती वेगळी, दोन्हींचे निकाल एकत्र वाचू नका.