आर्केडचे किट : जोडणीचे आणि बांधणीचे

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे पूर्वी नाणे टाकून उभ्याने खेळायच्या व्हिडिओ गेमचे यंत्र, उभे करू इच्छिणाऱ्यास ‘किट’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकत मिळतात. एका खोक्यात पडदा, जॉयस्टिक, बटणे, खेळ भरलेला बोर्ड आणि छापील चित्रे लावलेल्या फळ्या असे सर्व काही येते. दुसऱ्यात मात्र यंत्रावर कापलेल्या कोऱ्या फळ्या, स्क्रू आणि फार तर कडेची प्लास्टिकची पट्टी एवढेच असते. जाहिरातीतील छायाचित्रात दोन्ही पूर्ण उभी आणि दिवे लागलेली दिसत असल्यामुळे, कमी किंमत पाहून दुसरे मागवणाऱ्यास आतील सारे सामान वेगळे घ्यायचे आहे हे बहुधा खोके उघडल्यावरच कळते.

पहिल्या प्रकाराची सर्वांत परिचित कॅबिनेटे आर्केडवनअप या अमेरिकी कंपनीची असून ती २०१८ पासून विकली जातात. त्यांचा आकार मूळ यंत्राच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. पहिल्या कॅबिनेटांना १७ इंची एलसीडी पडदा होता आणि उंची चार फुटांच्या आतच होती, त्यामुळे प्रौढ माणसाला स्टूल तरी घ्यावे लागते किंवा खाली वेगळा चौथरा तरी बसवावा लागतो. जोडणीला स्क्रूड्रायव्हर आणि एक दुपार पुरते, आणि खेळ परवान्यासह येत असल्याने कायद्याचा प्रश्न उरत नाही. खेळांची यादी मात्र कंपनीने ठरवलेली असते. आखातातून येणाऱ्या किंवा बोटीवर काम करणाऱ्या (तारवटी) नातेवाइकाकरवी असे यंत्र मागवायचे झाल्यास अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. केवळ १२० व्होल्टचा अॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर जळून जाईल.

बांधणीच्या किटमध्ये खरे काम फळ्या उभ्या राहिल्यानंतर सुरू होते. कोणते खेळ खेळायचे हे सर्वांआधी ठरवावे लागते, कारण १९८० च्या पॅक-मॅनला उभा पडदा आणि चारच दिशांना हलणारी जॉयस्टिक लागते, तर १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू या खेळाला आडवा पडदा, आठ दिशांची जॉयस्टिक आणि प्रत्येक खेळाडूमागे सहा बटणे लागतात. बटणांच्या छिद्रांतही भेद आहे: जपानी पद्धतीची मुख्य बटणे ३० मिलिमीटरच्या आणि स्टार्टची बहुधा २४ मिलिमीटरच्या छिद्रात बसतात, तर अमेरिकी पद्धतीच्या आट्यांच्या बटणांना सुमारे २८ मिलिमीटरचे छिद्र पुरते. लहान छिद्र कानशीने वाढवता येते. मोठे झालेले लहान करता येत नाही.

पुढचा प्रश्न बटणे कशाला जोडायची याचा. यूएसबी एन्कोडर नावाच्या छोट्या बोर्डाला तारा लावल्या की संगणकाला ती साधी गेमपॅड वाटते, आणि मग रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा घरातला जुना संगणक चालतो. जामा ही १९८५ ची जपानी जोडणीपद्धत वेगळी आहे. तिच्या ५६ टोकांच्या एकाच कनेक्टरमधून वीज, चित्र, आवाज आणि बटणांचे संकेत असे सर्व जाते, आणि मूळ खेळाचा बोर्ड चालवायचा असेल तर तीच लागते. अशा मूळ बोर्डाचे चित्र आजच्या एलसीडी मॉनिटरला थेट जुळत नाही, मध्ये रूपांतरक बसवावा लागतो. नवशिक्याने यूएसबीचाच मार्ग धरावा असे माझे मत आहे. जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारे, १९९७ पासून विकसित होत असलेले मेम हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, परंतु त्यावर चालणारे बहुतेक खेळ आजही कंपन्यांच्या मालकीचे आहेत, हे विक्रेते सोयीस्करपणे सांगत नाहीत.

गोव्यात या दोहोंतील निवड शेवटी लाकडावर येऊन ठरते. दोन्ही किटांत बहुधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) असतो, आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात त्याची कापलेली कड ओल शोषून फुगते. फरशीला टेकलेली खालची कड तर सर्वांत आधी. तयार कॅबिनेटच्या दर्शनी बाजूंवर छापील आवरण असले तरी तळाची कड उघडीच असू शकते, म्हणून जोडणीपूर्वीच ती सीलरने बंद करावी, खाली रबरी पाय लावावेत आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून यंत्र दूर ठेवावे. बांधणीच्या किटमध्ये प्रत्येक कड रंगापूर्वी हाताशी असते, हा त्याचा मोठाच लाभ. मिरामार किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने बटणांखालच्या मायक्रोस्विचची टोकेही गंजतात. तारा डाग देऊन पक्क्या करण्याऐवजी खोचायच्या क्लिपा वापरल्यास स्विच बदलणे सोपे जाते.

त्याहूनही बरे म्हणजे फळ्या न मागवता केवळ आराखडा घ्यावा आणि म्हापसा किंवा मडगावच्या एखाद्या मेस्ताकडून (सुताराकडून) आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या १८ मिलिमीटरच्या मरीन, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या, प्लायमध्ये कॅबिनेट करून घ्यावे. प्लायला एमडीएफसारखा गुळगुळीत रंग बसत नाही आणि खर्चही वाढतो, पण ओलीपुढे ते टिकते. मात्र बटणे आणि मॉनिटर प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय मेस्ताला छिद्रे पाडू देऊ नयेत, आणि कडेची पट्टीही १८ मिलिमीटरचीच मागवावी, कारण पाऊण इंची पट्टी अशा प्लायच्या कडेबाहेर जवळजवळ एक मिलिमीटर डोकावते.